ऑक्सिमीटर कुणाच्या बोटावर तपासला? गरिबांच्या दवाखान्यात संशोधन पोचण्याची गोष्ट

स्मार्टवॉचवर किंवा बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९५, ९६ असा आकडा दिसला की आपण निवांत होतो. कोविडच्या काळात हे छोटं यंत्र घराघरांत पोचलं. कुणाला घरीच ठेवायचं आणि कुणाला ॲडमिट करायचं, हे बऱ्याचदा त्या एका आकड्यावर ठरलं. आकडा मशीननं दिलाय म्हणजे तो सगळ्यांसाठी सारखाच खरा, असं आपण धरून चालतो. पण त्या मशीनला आकडे शिकवले कुणाच्या शरीरावर? हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही.

अमेरिकेत २०२० नंतर या प्रश्नावरून बरंच काही घडलंय. वैद्यकीय मासिकात आकडे छापून आले, एक सामुदायिक दवाखाना कोर्टात गेला, सरकारी नियमांचा नवा मसुदा आला. आणि या सगळ्यातून एक जुनाच मुद्दा पुन्हा वर आला: औषधं आणि उपकरणं ज्यांच्यावर वापरली जाणार आहेत, ते लोक संशोधनात असतात का? आणि असले तर कुठल्या अटींवर? आज हेच जरा नीट समजून घेऊया.

आकडा येतो कुठून?

आधी यंत्राबद्दल. ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतो, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन आणि रिकामं हिमोग्लोबिन हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. पलीकडे किती प्रकाश पोचला, यावरून यंत्र एक गुणोत्तर काढतं.

पण हे गुणोत्तर म्हणजे ऑक्सिजनची टक्केवारी नव्हे. गुणोत्तर अमुक आलं तर ऑक्सिजन तमुक टक्के, असा एक तक्ता यंत्रात आधीच भरलेला असतो. प्रोग्रामिंग करणाऱ्यांनी याला लुकअप टेबल समजावं. हा तक्ता तयार करण्यासाठी प्रयोगशाळेत निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा श्वासावाटे देतात, त्यांच्या धमनीतलं रक्त काढून खरी पातळी मोजतात आणि यंत्राचं गुणोत्तर त्याच्याशी जुळवतात.

म्हणजे तुमच्या बोटावरचा आकडा हा कुण्या दुसऱ्याच माणसांच्या रक्तावरून बांधलेला अंदाज असतो. ती माणसं तुमच्यासारखी असतील तर अंदाज चांगला येणार. पण त्वचेतलं मेलॅनिनसुद्धा प्रकाश शोषतं. तक्ता बनवताना गडद त्वचेची माणसं जवळजवळ नसतीलच, तर गडद त्वचेवर यंत्र चुकू शकतं.

मग अशी माणसं किती असायची? अमेरिकेची औषध आणि उपकरणं नियंत्रण संस्था म्हणजे एफडीए. तिच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ऑक्सिमीटरच्या चाचणीत किमान १० माणसं पुरेशी होती. त्यात गडद त्वचेची किमान २ किंवा १५ टक्के, यातली जी संख्या मोठी असेल तेवढी. म्हणजे दहा जणांची चाचणी असेल तर दोन माणसांवर जगभरातल्या सगळ्या सावळ्या आणि काळ्या त्वचेचा भार.

सॉफ्टवेअरमध्ये आपण असं ॲप फक्त दोन फोनवर चालवून बघून रिलीज केलं, तर टीममध्ये काय ऐकावं लागेल याची कल्पना करा.

यंत्रावर ठीक, रक्तात कमी

डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांचं एक छोटं पत्र छापून आलं. त्यांनी रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या होत्या. यंत्रानं ९२ ते ९६ टक्के दाखवलं, पण त्याच सुमारास काढलेल्या धमनीच्या रक्तात ऑक्सिजन ८८ टक्क्यांपेक्षा कमी निघाला, असं किती वेळा झालं? कृष्णवर्णीय रुग्णांच्या ७४९ तपासण्यांपैकी ८८ वेळा, म्हणजे ११.७ टक्के. गोऱ्या रुग्णांच्या २,७७८ तपासण्यांपैकी ९९ वेळा, म्हणजे ३.६ टक्के. जवळपास तिप्पट फरक.

या टक्केवारीमागे काय असतं ते लक्षात घ्या. यंत्र 'ठीक आहे' म्हणतंय, म्हणून माणसाला घरी पाठवलं जातं, किंवा ऑक्सिजन लावायला उशीर होतो. रक्त मात्र वेगळंच सांगत असतं.

आणखी त्रासदायक गोष्ट म्हणजे हे नवीन नव्हतं. गडद त्वचेवर ऑक्सिमीटर चुकतो, हे १९९० मध्येही संशोधकांनी लिहिलं होतं आणि २००५ मध्येही. बग रिपोर्ट झाला होता, पण तिकीट तीस वर्षं उघडंच पडून राहिलं. कारण ज्यांना त्याचा फटका बसत होता, ते लोक ना चाचणीत होते, ना निर्णय घेणाऱ्यांच्या खोलीत.

कॅलिफोर्नियात ऑकलंड शहरात रूट्स कम्युनिटी हेल्थ सेंटर नावाचा सामुदायिक दवाखाना आहे. तिथं येणाऱ्यांत कृष्णवर्णीय रुग्ण मोठ्या संख्येनं असतात. डॉ. नोहा अबोएलाटा यांनी तो सुरू केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये या दवाखान्यानं ऑक्सिमीटर बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांविरुद्ध दावा दाखल केला. गडद त्वचेवर आकडा चुकू शकतो असा स्पष्ट इशारा दिल्याशिवाय ही यंत्रं विकू नयेत, हा त्यातला मुख्य मुद्दा. साधन तपासताना या दवाखान्यांना कुणी विचारलं नव्हतं. विकून झाल्यावर त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

हे दवाखाने नेमके काय आहेत?

अमेरिकेत आरोग्यसेवा प्रचंड महाग आहे आणि विम्याशिवाय डॉक्टरकडे जाणं अनेकांना परवडत नाही. अशा लोकांसाठी कम्युनिटी हेल्थ सेंटर नावाचं मोठं जाळं आहे. त्याची सुरुवात १९६५ ची. डॉ. जॅक गायगर आणि डॉ. काउंट गिब्सन यांनी बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट या गरीब वस्तीत पहिलं केंद्र काढलं आणि पाठोपाठ मिसिसिपी राज्यातल्या माउंड बायू इथं दुसरं. माउंड बायूत कुपोषित मुलं इतकी यायची, की डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर चक्क धान्य, दूध लिहून द्यायचे आणि दुकानदाराचं बिल केंद्र भरायचं.

आज देशभर अशा सुमारे १,४०० संस्था आहेत आणि वर्षाला ३ कोटींहून जास्त लोक तिथं उपचार घेतात. रुग्णाकडे पैसे नाहीत म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. फी उत्पन्नानुसार कमी-जास्त होते. बहुतेक रुग्ण गरीब, अनेकांकडे विमा नाही आणि अनेकांची घरची भाषा इंग्रजी नाही.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाची अट वेगळीच आहे. सरकारी अनुदान घेणाऱ्या केंद्राच्या संचालक मंडळात किमान ५१ टक्के सदस्य त्या केंद्राचे रुग्णच असावे लागतात. म्हणजे दवाखाना कसा चालवायचा यात बहुमत रुग्णांचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

संशोधन तिथं का पोचत नव्हतं?

क्लिनिकल ट्रायल्स साधारणपणे मोठ्या विद्यापीठांच्या रुग्णालयांत होतात. तिथं संशोधक असतात, लॅब असते, रक्ताचे नमुने ठेवायला खास फ्रीझर असतात, कागदपत्रं सांभाळणारी माणसं असतात. वस्तीतल्या दवाखान्यात एक डॉक्टर दिवसभर रुग्ण बघत असतो. त्याला 'ट्रायलसाठी माणसं शोधा' म्हटलं, तर तो ते कधी करणार?

रुग्णाच्या बाजूनंही अडचणी असतात. दर पंधरा दिवसांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. मुलांना कुणाकडे ठेवायचं? संमतीपत्र वीस पानांचं, तेही इंग्रजीत. शिवाय ट्रायलच्या अटींमध्ये बऱ्याचदा 'इतर आजार नसावेत' असं असतं. गरीब वस्तीत मधुमेह, रक्तदाब आणि दमा एकत्र असणं काही दुर्मीळ नाही. अट शास्त्रीय कारणानं घातलेली असते, पण गाळले जातात नेमके हेच लोक.

ही झाली यंत्रणेची अडचण. दुसरी अडचण विश्वासाची, आणि तिला इतिहास आहे.

१९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकेच्या सरकारी आरोग्य सेवेनं अलाबामा राज्यातल्या टस्कगी इथं सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालवला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. आजार उपचाराविना कसा वाढतो हे बघायचं होतं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपचार मिळू लागला, तरी या लोकांना तो दिला गेला नाही. १९७२ मध्ये ही बातमी फुटली. आज अभ्यासाआधी नैतिकता समितीची परवानगी आणि समजून दिलेली संमती लागते, त्या नियमांना जोर मिळाला तो या प्रकरणानंतरच.

दुसरं उदाहरण डेटाच्या पिढीला जास्त जवळचं वाटेल. ॲरिझोना राज्यातल्या हवासुपाई या आदिवासी समाजातल्या लोकांनी १९९० पासून तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले. त्यांच्यात मधुमेह खूप होता, त्यावर काहीतरी उत्तर मिळेल ही आशा. पुढे कळलं, की तेच नमुने मानसिक आजार, समाजातल्या समाजात होणारी लग्नं आणि पूर्वजांचं स्थलांतर अशा विषयांवरही वापरले गेले. भांडण कोर्टात गेलं. २०१० मध्ये विद्यापीठानं ७ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेले नमुने समाजाला परत केले.

एका कामासाठी दिलेला डेटा दुसऱ्याच कामाला वापरला गेला. आपल्या फोनमधल्या ॲप्सबद्दल आपण हीच तक्रार करतो ना? फरक इतकाच, की इथं तो डेटा रक्ताच्या नळीत होता.

डेटा जागेवर, प्रश्न फिरतो

मग संशोधन तिथं न्यायचं कसं? यातला एक मार्ग तंत्रज्ञानाचा आहे आणि तो खरंच समजून घेण्यासारखा आहे.

सरळ विचार केला तर वाटेल, सगळ्या दवाखान्यांचा डेटा एका मोठ्या सर्व्हरवर गोळा करा आणि संशोधकांना द्या. पण मग तो सर्व्हर कुणाच्या ताब्यात? हॅक झाला तर? आणि उद्या कुणी तो दुसऱ्याच कामाला वापरला तर? पुन्हा हवासुपाईचाच प्रश्न.

अमेरिकेतल्या पीकॉरनेट नावाच्या संशोधन जाळ्यानं वेगळा रस्ता घेतलाय. प्रत्येक संस्था आपल्या नोंदी आपल्याकडेच ठेवते, फक्त सगळ्यांनी त्या एकाच साच्यात बसवायच्या. म्हणजे एका ठिकाणी 'शुगर', दुसरीकडे 'ग्लुकोज' आणि तिसरीकडे नुसता कोड, असं चालणार नाही. साचा एक झाला की संशोधक आपला प्रश्न क्वेरीच्या रूपात सगळीकडे पाठवतो. ती क्वेरी प्रत्येक संस्थेत तिथल्या तिथं चालते आणि बाहेर येतं ते सहसा फक्त उत्तर: इतके रुग्ण, त्यातल्या इतक्यांना हा त्रास. नावं, पत्ते, फाइली जागच्या जागी.

मोबाईलवर याच्यासारखं काहीतरी तुम्ही वापरताच. काही कीबोर्ड ॲप्स तुमचा मजकूर सर्व्हरवर न पाठवता फोनमध्येच शिकतात आणि फक्त शिकलेल्याचा सारांश पुढे देतात. तत्त्व तेच.

पोर्टलंड शहरातली ओचिन ही संस्था देशभरातल्या अनेक सामुदायिक केंद्रांना इलेक्ट्रॉनिक नोंदींची यंत्रणा पुरवते. तिच्या पुढाकारानं चालणारं ॲडव्हान्स हे जाळं पीकॉरनेटचा भाग आहे. याचं महत्त्व असं, की अमेरिकेत आरोग्याचा बराचसा अभ्यास विमा कंपन्यांच्या क्लेमवर होतो. ज्याच्याकडे विमाच नाही, तो माणूस त्या डेटात दिसतच नाही. त्याचं आजारपण, त्याचे औषधाशिवाय गेलेले महिने, काहीच नाही. दवाखान्याच्या नोंदीत मात्र तो असतो.

पण डेटा असला म्हणजे सगळं समजलं असं नाही

तंत्रज्ञानवाल्यांची सवय अशी, की डेटा मिळाला की काम झालं. २०१९ मध्ये 'सायन्स' या मासिकात आलेल्या एका अभ्यासानं हा भ्रम चांगलाच उघडा पाडला. अमेरिकेतल्या रुग्णालयांत एक सॉफ्टवेअर वापरलं जायचं. कुणाला जास्त काळजीची गरज आहे ते ओळखून हे सॉफ्टवेअर त्यांना खास कार्यक्रमासाठी निवडायचं. सॉफ्टवेअरमध्ये वंशाची माहिती नव्हतीच. तरीही ते कृष्णवर्णीय रुग्णांना मागे टाकत होतं.

कारण? सॉफ्टवेअर 'गरज' मोजायला 'खर्च' वापरत होतं. ज्याच्यावर आधी जास्त खर्च झाला तो जास्त आजारी, असं गृहीत. पण ज्याला डॉक्टरपर्यंत पोचताच येत नाही, त्याच्यावर खर्च होणारच कमी. तो कागदावर निरोगी दिसतो. संशोधकांनी हिशेब मांडला, की हा दोष काढला तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल.

इथं डेटा भरपूर होता. नव्हता तो माणूस, जो म्हणाला असता, 'अहो, आमच्या पेशंटचा खर्च कमी आहे कारण तो येतच नाही, बरा आहे म्हणून नाही.' वस्तीतल्या दवाखान्यातली नर्स हे एका मिनिटात सांगेल. म्हणून नुसता डेटा घेऊन जाणं आणि दवाखान्याला भागीदार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'ऑल ऑफ अस' नं काय केलं?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं मे २०१८ मध्ये देशभर 'ऑल ऑफ अस' हा कार्यक्रम सुरू केला. दहा लाख लोकांची आरोग्यमाहिती आणि जनुकीय नमुने जमवायचे, आणि आजवर संशोधनात न दिसलेल्या लोकांवर भर द्यायचा, हे उद्दिष्ट. त्याच्या तयारीत, २०१६ पासूनच, काही सामुदायिक आरोग्य केंद्रांना भागीदार म्हणून घेतलं होतं. मिसिसिपीतलं जॅक्सन-हाइंड्स, कॅलिफोर्नियात मेक्सिकोच्या सीमेजवळचं सॅन इसिड्रो ही त्यातली दोन.

परिणाम दिसला. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये या कार्यक्रमातल्या २,४५,३८८ जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले ७७ टक्के लोक संशोधनात आजवर कमी दिसलेल्या गटांतले होते. आणि आधी कुठंच नोंद न झालेले २७ कोटी ५० लाख जनुकीय फरक त्यात सापडले. ही माणसं आजवर बाहेर राहिली, तर त्यांच्याबरोबर केवढी माहिती बाहेर राहिली होती, याचा यावरून अंदाज येतो.

आणखी एक गोष्ट इथं वेगळी केली. डिसेंबर २०२२ पासून, ज्यांना हवं असेल त्या सहभागींना त्यांच्या जनुकांवरून कळणारे आजाराचे धोके आणि काही औषधं त्यांच्या शरीरात कशी वागतील याची माहिती परत द्यायला सुरुवात झाली. रक्त दिलं, विसरून गेलो, असं नाही. तुमच्या नमुन्यातून काय निघालं ते तुम्हालाही कळणार.

पण ही गाडी सरळ चाललेली नाही. २०२४ पासून या कार्यक्रमाच्या निधीत मोठी कपात झाली. दुसरीकडे, डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, की महत्त्वाच्या ट्रायल्ससाठी कंपन्यांनी सर्व गटांतले लोक कसे घेणार याचा आराखडा द्यावा. त्याच्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा जून २०२४ मध्ये आला. जानेवारी २०२५ मध्ये सत्ता बदलल्यावर एफडीएच्या वेबसाइटवरून ती पानं काढली गेली आणि कोर्टाच्या आदेशानंतर परत ठेवावी लागली. कायदा पुस्तकात आहे, पण वेबसाइटवरचं पान सरकार बदललं की जाऊ शकतं, हे यातून दिसलं.

त्याच जानेवारी २०२५ मध्ये एफडीएनं ऑक्सिमीटरसाठी नव्या सूचनांचा मसुदाही काढला. त्यात चाचणीतल्या माणसांची संख्या १० वरून १५० किंवा जास्त सुचवली आहे. त्वचेचा रंग नोंदवायला मंक स्केल ही दहा छटांची पट्टी वापरायची. हार्वर्डमधले समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी ती तयार केली आणि २०२२ मध्ये गूगलनं ती सर्वांसाठी खुली केली. मात्र या सूचना वैद्यकीय वापराच्या ऑक्सिमीटरसाठी आहेत. 'फक्त फिटनेससाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या घड्याळांना त्या लागू होत नाहीत. तेव्हा घड्याळातल्या आकड्यावर उपचाराचा निर्णय घेऊ नका. दम लागत असेल तर आकडा काहीही म्हणो, डॉक्टर गाठा.

भागीदारी आहे की नुसती माणसं पुरवणं?

'आम्ही वंचित समाजासोबत संशोधन करतो' असं हल्ली कुणीही म्हणतं. ते खरं आहे का, हे ओळखायला चार प्रश्न पुरतात.

पहिला, प्रश्न कुणी ठरवला? कंपनीनं सगळं ठरवून शेवटी दवाखान्याला 'दोनशे पेशंट द्या' म्हटलं, तर ती भागीदारी नव्हे, ती भरती झाली. ५१ टक्क्यांची अट इथं उपयोगी पडते. ज्या केंद्रात रुग्णांचं बहुमत आहे, तिथं निदान विचारणारं कुणीतरी बसलेलं असतं.

दुसरा, पैसे कुठं जातात? संशोधनाचं अनुदान विद्यापीठाच्या खात्यात आणि जादा काम दवाखान्याच्या नर्सवर, असं असेल तर दोन वर्षांत सगळे कंटाळतात. समन्वयकाचा पगार, दुभाषी, रुग्णाचं प्रवासभाडं, बुडालेली मजुरी हे खर्चात आधीच धरलेलं हवं.

तिसरा, डेटा किंवा नमुना दुसऱ्या कामाला वापरायचा तर पुन्हा विचारणार का? 'भविष्यातील संशोधनासाठी' या एका ओळीत काहीही बसतं.

चौथा, औषध किंवा यंत्र यशस्वी ठरलं तर ते या लोकांना मिळणार का? ज्यांच्या शरीरावर ते तपासलं, त्यांनाच ते परवडत नसेल, तर त्यांनी फक्त धोका उचलला आणि फायदा दुसरीकडे गेला.

आपला संबंध काय?

सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार गेले. परदेशी नियमांनुसार, मोजक्या माणसांवर तपासून बनवलेलं हे तंत्र आपल्या सावळ्या बोटांवर लावलं गेलं. दोन-दोन माणसांचा हिशेब म्हणूनच आपल्यासाठी परका विषय नाही.

भागीदारीतून काय होऊ शकतं याचं उदाहरण मात्र आपल्याच राज्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि त्याचा रीतसर अभ्यास केला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २०११ मध्ये हीच पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली. अभ्यास जिथं झाला, फायदाही तिथं पोचला.

कायदाही आपल्याकडे आहे. २०१९ च्या नियमांनुसार औषधाच्या ट्रायलसाठी नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि समितीतले निम्मे सदस्य तरी त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. १५ जून २००९ पासून ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणं बंधनकारक आहे, आणि ती नोंदवही कुणालाही फोनवर मोफत बघता येते.

एक जागा मात्र नीट बघा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे. त्या माहितीवरून एखाद्या ठरावीक व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जात नसेल आणि सरकारनं ठरवलेले निकष पाळले जात असतील, तर या कायद्याची बंधनं संशोधनाला लागू होत नाहीत. संशोधन अडू नये म्हणून हे ठीक आहे. पण मग 'पुन्हा विचारणार का' या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फक्त कायद्यात मिळणार नाही, नैतिकता समितीत आणि संमतीपत्रात शोधावं लागेल.

तेव्हा घरातल्या कुणाला दवाखान्यात 'एका अभ्यासात भाग घ्या' असं विचारलं, तर लगेच नाही म्हणू नका. नाही म्हणत राहिलो तर आपण डेटात येणारच नाही आणि पुढचं यंत्रही दुसऱ्याच कुणाच्या बोटावर तपासलं जाईल. पण लगेच हो सुद्धा म्हणू नका. संमतीपत्र मराठीत मागा, ती तुमची सोय नाही, त्यांची जबाबदारी आहे. सीटीआरआय नंबर विचारा आणि फोनवर शोधून बघा. नमुना किती वर्षं ठेवणार, आणखी कशाला वापरणार, इजा झाली तर कुणाला फोन करायचा, मध्येच सोडता येईल का, हे विचारा. आई-बाबांना स्क्रीनवरचं नीट वाचता येत नसेल तर त्यांच्या शेजारी बसून तुम्ही वाचा. आणि सही करण्याआधी एक दिवस मागून घ्या. चांगला संशोधक तो आनंदानं देतो.